नाल्यापलीकडचा कांदा

धोंडाबाईचं सासर आणि माहेर यांच्यामध्ये एक नाला आहे. नाला म्हणवून घेण्याचा मान त्याला पावसाळ्यात मिळतो, एरवी त्यात बाभळी आणि शेळ्या असतात. येवल्याच्या अलीकडच्या या गावात आप्पांनी आपली एकुलती एक लेक नाल्यापलीकडच्या घरात दिली, तेव्हा पाठवणी पाच मिनिटांत उरकली तर लोक काय म्हणतील, म्हणून नवरा-नवरीची गाडी मुद्दाम डांबरी रस्त्याने फाट्यापर्यंत नेऊन वळसा घालून आणली. नवरी वाटभर रडली. उतरली तिथून तिला आईची चूल पेटलेली दिसत होती. मग ती आणखी रडली, कारण आता रडायला कारणच उरलं नव्हतं.

त्या दिवशी आप्पांनी लेकीच्या ओटीत तांदूळ-खोबऱ्यासोबत घरच्या कांद्याचं बी घातलं होतं. काळं, बारीक, मुठीत धरलं तर बोटांतून सांडणारं. हा आप्पांचा स्वतःचा कांदा. कांदा साठवायच्या चाळीतले चांगले कांदे निवडायचे आणि थंडीत पुन्हा जमिनीत पुरायचे, की ते झाले डोंगळे. त्यांना दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे आणि गोंड्यांत बी. आप्पांनी जन्मभर हे केलं. त्यांच्या माघारी नाल्याच्या एका अंगाला मुलगा सावळीराम आणि दुसऱ्या अंगाला धोंडाबाई करत राहिली. कांदा तिखट, चपटा आणि कुणी कौतुकाने फोटो काढावा असा मुळीच नव्हता. पण टिकायचा. "आप्पासारखाच हाय," सावळीराम म्हणायचा, "कुणाचं ऐकत नाय आन लवकर सडत नाय."

धोंडाबाईची मुलगी तेजल दहावीत होती त्या वर्षी अवकाळी पावसाने चाळीत पाणी शिरलं आणि निवडून ठेवलेले निम्मे कांदे नासले. तिच्या वडिलांनी, किशोररावांनी, उरलेल्या वाफ्यांसाठी दुकानातून बी आणलं. त्या बियांचे कांदे गोल, गुलाबी आणि एकसारखे आले, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. पुढच्या थंडीत किशोररावांनी त्यातलेही थोडे डोंगळे लावले. गुन्हा एवढाच. पण नाल्यापलीकडून सावळीरामने तो पाहिला आणि भावकीतल्या एका जावळाच्या पंगतीत, पुरणपोळीवर तूप घेता घेता, शेजारच्याला म्हणाला, "धोंडीच्या शेतात आता आप्पाचं काय ऱ्हायलं नाय."

तूप वाढणारी धोंडाबाईच होती. तिने तुपाचं भांडं होतं तसं त्याच्या पानात पालथं केलं, पदर खोचला आणि पुढच्या पानाला वाढायला काही उरलं नाही म्हणून घरी निघून गेली. त्या दिवसापासून बहीण-भावाचा अबोला.

मध्ये नुसता एक नाला असताना अबोला धरणं सोपं नसतं. लाईट कधी येणार, रानडुक्कर कुठून शिरलं, हे सांगावंच लागतं. म्हणून सावळीराम आपल्या पाण्याच्या मोटारीशी बोलायचा. "काय गं बाई, आज पहाटं लाईट हाय म्हनत्यात," असं तो मोटारीला नाल्यापार ऐकू जाईल इतक्या मायेने सांगायचा. पलीकडून धोंडाबाई शेळीला म्हणायची, "कळलं हो. आमाला काय कान नायत का?" या सगळ्या काळात मोटार आणि शेळी यांचे संबंध अत्यंत सलोख्याचे राहिले.

आता तेजल नाशिकच्या एका कॉलेजात गावठी कांद्यांवर पीएचडी करत होती. गावोगावचे कांदे एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हे ती त्यांच्या डीएनएवरून तपासायची. काम असं: पान खलात घोटायचं, गरम औषधात शिजवायचं, गाळायचं, आणि वरून थंड अल्कोहोल सोडलं की नळीत पांढुरके धागे तरंगतात. तो डीएनए. मग त्यात प्रायमर घालायचा. प्रायमर म्हणजे डीएनएचाच इवलासा तुकडा. तो लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा असतो. कुणाकडून आलाय ते कुणाला माहीत नसतं, पण ओळखीचं कुणी दिसलं की तिथे चिकटून बसतो. जिथे तो चिकटतो, तिथल्या भागाच्या मशीन असंख्य प्रती काढतं. त्या प्रती खरवसासारख्या दिसणाऱ्या एका वडीत भरून वीज सोडली, की लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात आणि जांभळ्या उजेडात पट्ट्यापट्ट्यांची शिडी दिसते. ज्याची त्याची शिडी वेगळी. या पद्धतीला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रॅपिड' म्हणतात. तेजल तिच्यावर चार वर्षं काम करत होती.

आणि मे महिन्यात तिचं लग्न होतं. मुलगा शेखर, दिंडोरीच्या एका वायनरीत द्राक्षाच्या रसाची तपासणी करणारा. धोंडाबाई गावात सांगायची, "जावई फळफळावळीत हायेत."

तेजलला दागिन्यांची चिंता नव्हती, जेवणाची नव्हती, शेखरचीही फारशी नव्हती. तिला एका क्षणाची धास्ती होती. भटजी माईकवरून म्हणतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मग मामा भाचीचा हात धरून तिला मांडवात आणतो. सावळीराममामाने तिला याच हाताला धरून पोहायला, सायकल चालवायला आणि वडाच्या पारंब्यांवरून पडायला शिकवलं होतं. भटजींनी हाक दिली आणि कुणीच उठलं नाही, तर? हे चित्र तिला एसटीत, लॅबमध्ये, कुठेही दिसायचं.

"चुलत मामा हायेत की चार," धोंडाबाई म्हणायची.

"मला सावळीराममामा पाहिजे."

"मग त्याला म्हनावं, बोललेला शबूद माघारी घे. मी आपनहून नाला उतरून पत्रिका देते. माझ्या शेतात आप्पा नाय म्हन्ला तो. मंग मी कोन हाय? वाटसरू?"

फेब्रुवारीत धोंडाबाई एकटीच एसटीने नाशिकला आली आणि पिशवीसकट थेट लॅबमध्ये शिरली. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डोंगळ्यांच्या पाती होत्या. तेजलच्या गाईड, मेहविश मॅडम, तिथेच होत्या. धोंडाबाईने पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"बाई, हिचं मशीन खरं बोलतं का?"

"बोलतं. पण वेळ लावतं," मॅडम म्हणाल्या.

"लावू द्या. त्याला इचारा, माझ्या कांद्यात आप्पा हाय का नाय."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांच्याकडे आजवर आलेल्या संशोधन-प्रस्तावांत इतका स्पष्ट उद्देश कुणी लिहिला नव्हता. "ताई, तुलना करायला आप्पांच्या वेळचं बी लागेल. आहे कुठे?"

धोंडाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हाय. त्याच्या देव्हाऱ्यात."

*

देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा आणि खोकल्याच्या औषधाची एक बाटली होती. आप्पांनी शेवटच्या वर्षी स्वतःच्या हाताने पाखडलेलं बी त्या बाटलीत भरून बूच लावलं होतं. ते बी आता उगवणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दर पेरणीला बाटलीला हळद-कुंकू लागायचं, आणि लेबलावर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं लिहिलेलं असल्यामुळे मामी पूजेनंतर ती न चुकता एकदा हलवायची.

तेजलने चहा पिता पिता सगळं सांगितलं. अबोला भाचीला लागू नव्हता.

"म्हंजे तुझ्या आईला मशीनकडून न्याय पायजे," मामा म्हणाला. "बरं. माझ्या शेतातली पात ने, तिच्या शेतातली ने. पन बाटलीला हात लावायचा तर नारळ फोडावा लागंल."

नारळ फोडला. मामाने बूच काढलं आणि चिमूटभर बी कागदाच्या पुडीत घातलं.

"काम झालं की परत आनशील ना?"

"मामा, ते कुटावं लागतं."

मामाने पुडी पुन्हा हातात घेतली. "आप्पाला कुटनार?"

"थोडेसेच."

त्याने बराच विचार केला. "कूट. पन चप्पल काढून कूट." आणि पुडी देताना, तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिचा कांदा आप्पाचा निघाला ना, तर मी भर मांडवात सगळ्यांम्होरं चुकलो म्हनंन. आन नाय निघाला, तर तिनं यावं. पायऱ्या मी झाडून ठेवीन."

लॅबमध्ये चप्पल काढायला बंदी आहे. तेजलने मेहविश मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नियम नियमच. पण मी आता दहा मिनिटं फोनवर बोलायला बाहेर जाते आहे."

*

जुन्या बियांचा डीएनए तुकडे तुकडे झालेला होता, पहिल्या खेपेला काहीच आलं नाही. दुसऱ्या खेपेला पट्ट्या आल्या. वडीत, म्हणजे जेलमध्ये, चार रांगा होत्या: पहिली बाटलीची, दुसरी आईच्या शेताची, तिसरी मामाच्या शेताची आणि चौथी दुकानातल्या त्या बियांची. किशोररावांना वाणाचं नाव आठवत होतं, म्हणून ते बी तेजलने पुन्हा विकत आणलं होतं.

फोटो स्क्रीनवर आला आणि तेजलचा जीव भांड्यात पडला. बाटलीतल्या जवळजवळ सगळ्या पट्ट्या आईच्या रांगेत होत्या. आप्पा शाबूत होते. खाली मात्र एक जाड पट्टी जास्तीची होती, बाटलीत नसलेली. ती दुकानाच्या रांगेतही होती. तेही ठीक, शेजारी शेजारी लावलेले डोंगळे, मिसळ होणारच.

मग तिने मामाची रांग पाहिली.

तीच शिडी. आप्पांच्या त्याच पट्ट्या. आणि खाली तीच जाड पट्टी, जराही संकोच न करता.

"नळ्या बदलल्या माझ्याकडून," ती म्हणाली आणि सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. प्रायमर बदलला. नक्षी बदलली, पण आई आणि मामा पुन्हा एकमेकांसारखेच. पाचव्यांदा ती जेल ओतायला लागली तेव्हा मेहविश मॅडमनी तिच्या हातातलं चंचुपात्र काढून घेतलं.

"निकाल आवडला नाही म्हणून प्रयोग पुन्हा करायचा नसतो. दोन शेतांत अंतर किती?"

"एक नाला."

"आणि डोंगळे फुलतात कधी?"

"दोन्हीकडे एकदमच."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "बेटा, कांद्याचं लग्न मधमाशी लावते. ती काय नाल्यापाशी थांबून विचारते, की बाई, तुमचं यांच्याशी बोलणं आहे का?"

तेजल स्टुलावर बसून राहिली. इतकी वर्षं दोन्ही घरची माणसं एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकत नव्हती, आणि दर फेब्रुवारीत दोन्ही शेतं सकाळी उन्हं चढल्यापासून खुशाल एकमेकांकडे ये-जा करत होती. मामा ज्या कांद्याला खरा म्हणून छातीशी धरून बसला होता, त्यात दुकान येऊन बसलं होतं. मोटारीशी बोलताना त्याच्या कानाशी जी गुणगुण व्हायची, तिच्यातूनच आलं होतं.

*

तिने आधी आईला सांगितलं. धोंडाबाई ओट्यावर लसूण सोलत होती.

"आप्पा आहेत आई. जवळपास सगळे आहेत."

धोंडाबाईच्या हातातली पाकळी खाली पडली. तिने डाव्या हाताने उगाच ओटा पुसला, मग पुन्हा पुसला, मग पदराने तोंड. "मला म्हाईत होतं," ती शेवटी म्हणाली. "भाजीला फोडनी दिली की वासच येतो त्यांचा." आणि लगेच, "त्याला सांगितलं का? काय म्हनतो आता?"

"अजून नाही सांगितलं. ऐक ना. तुझ्यात थोडं दुकानाचं पण आलंय. आणि मामाच्यात पण. तेवढंच. दोघांचा कांदा आता एकच झालाय."

आता ती हसेल, असं तेजलला वाटलं होतं. निदान टाळी वाजवून 'बघ, मोठा आलाय' म्हणेल. धोंडाबाई हसली नाही. तिने लसणाची परात बाजूला सारली.

"त्याच्यात कसं आलं?"

"मधमाश्यांनी नेलं. आपल्याकडून."

"म्हंजे आपल्यामुळं."

"आई, तसं नसतं ते—"

"दर सालाला येकेक डोंगळा हातात धरून बघतो तो. गेल्या साली ताप होता अंगात तरी वाफ्यात बसून होता, मी हितून बघत होते. त्याला ना पोर ना बाळ. देव्हाऱ्यात बाटली आन वावरात तो कांदा, येवढंच हाय त्याच्यापाशी आप्पाचं. आन तू जाऊन सांगनार, का मामा, तुझाबी बाटला?" ती उठली. "नाय सांगायचं."

"मग काय सांगू?"

"सांग, त्याचा खरा. माझा गेला."

"आई! मी खोटं सांगू? माझा प्रबंध आहे त्यावर!"

"प्रबंधात खरं लिव्ह. मामा वाचनारे का?"

विज्ञानाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण आई तोवर लुगड्याच्या निऱ्या नीट करत होती, आणि तिने कपाटातून काढलेली पत्रिका लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातली नव्हती. ती वेगळी काढून, वर हळदीची बोटं लावून, बहुधा कधीचीच तयार ठेवलेली होती.

नाला उतरायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मामा गच्चीवर होता. गोंडे वाळून कापून झाले होते, आणि गोधडीवर पसरून तो ते हाताने चोळत बी मोकळं करत होता. बहिणीला जिन्यावर पाहून तो उभा राहिला आणि सवयीप्रमाणे आजूबाजूला मोटार शोधू लागला. गच्चीवर मोटार नव्हती. मग त्याने पाण्याच्या टाकीला विचारलं, "काय गं, कोन आलंय?"

धोंडाबाईने कठड्याला सांगितलं, "पत्रिका आनलीय म्हनावं."

"टाकीला पत्रिका वाचता येत नाय."

"मंग टाकीच्या मालकानं वाचावी."

तेजल दोघांच्या मध्ये उभी होती, आणि तिला दोघांच्याही खांद्याला धरून हलवावंसं वाटत होतं, वापरण्यापूर्वी हलवतात तसं. पण तेवढ्यात धोंडाबाई कठड्याकडून वळली.

"दादा," ती म्हणाली. "मशीनचा निकाल लागला. तुझाच खरा. माझ्यातला आप्पा गेला. तू म्हन्ला होता तेच झालं."

तेजल बुटांकडे बघत राहिली. मामा जिंकला होता. जावळाच्या पंगतीपासून ज्या क्षणाची तो वाट पाहत होता, तो त्याच्या पुढ्यात येऊन उभा होता, हळदीची बोटं लावलेली पत्रिका घेऊन. पण त्याचा चेहरा असा झाला की जणू कुणी वाईट बातमीच सांगितली.

"गेला म्हंजे? सगळा?"

"सगळा."

"काहीच नाय? येवढंसं?" त्याने तेजलकडे पाहिलं. "आगं, नीट बघितलं का? मशीन चुकत आसंल. बोलन्यात येतं मानसाच्या, पंगतीत मानूस कायबी बोलतं, म्हनून काय खरंच जावं का ते?"

"जाऊ दे ना दादा."

"कसं जाऊ दे? तुझ्या ओटीत आप्पानं घातलेलं ते. म्या बघितलंय, शेजारी उभा होतो." तो गोधडीवर बसला, ओंजळ भरली, पुन्हा उठला. ओंजळीतून काळं बी सांडत होतं. "पदर धर."

"आरं, राहू दे—"

"धोंडे, पदर धर म्हन्लं ना!"

तिने पदर पसरला. त्याने ओंजळ ओतली, मग दुसरी, मग तिसरी. "ह्यो खरा हाय. मशीनचा दाखला हाय त्याला. थंडीला लाव, आन ते दुकानाचं सगळं उपटून टाक. नाल्याकडंचा तुकडा दे ह्याला. मी येतो दावायला."

तेजलला ठाऊक होतं की त्या पदरात जे पडतंय, ते नाल्यापलीकडे आईच्या पोत्यात आधीपासूनच आहे, पट्टीला पट्टी जुळून. विज्ञानाच्या दृष्टीने या घटनेत काहीही घडत नव्हतं. पदर भरून बी बाहेर सांडायला लागलं, म्हणून तेजलने पदराचं एक टोक धरलं.

*

मामाला फोटो हवा होता. दाखला म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे देव्हाऱ्यात लावता आला पाहिजे. तेजलने पुष्कळ दिवस टाळलं. मग मामी फोनवर म्हणाली, "आगं, त्यांनी फ्रेम आनून ठेवलीय. रिकाम्या फ्रेमलाच कुंकू लावत्यात." तेव्हा ती फोटो घेऊन गेली. मामा रांगा कशाला मोजेल, असं तिने स्वतःला समजावलं.

मामाने फोटो उन्हात धरला. काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या.

"ह्यातला आप्पा कंचा?"

"पहिली रांग."

"मी?"

"तिसरी."

"आन तुझी आई?"

"मधली. दुसरी."

मामाचं बोट आप्पांवरून खाली आलं, मग तिसऱ्या रांगेवरून खाली आलं आणि तळाशी थांबलं. "हितं काय हाय?"

"डाग आहे," तेजल म्हणाली. आपल्या चार वर्षांच्या कामातलं सर्वांत ठळक निरीक्षण तिने या शब्दांत मांडलं.

मामाने धोतराच्या सोग्याने तिथे पुसलं. मग बोट शेजारच्या रांगेवर नेलं. तिथेही तसाच डाग. शेवटच्या रांगेवर नेलं. "ही कुनाची?"

"ती... दुकानाची."

तिथेही होता. मामा फोटो धरून उभा राहिला. गोठ्यातली गाय एकदा हंबरली, गप्प झाली. तेजलच्या मनात आलं की आता सांगून टाकावं, मधमाश्यांपासून सगळं. तिने तोंड उघडलंही.

"फोटो चांगला आलाय," मामा म्हणाला. त्याने तो फ्रेममध्ये सरकवला, काचेवर फुंकर मारली आणि देव्हाऱ्यात बाटलीच्या मागे, जरा अंधारात, उभा केला. "हे बघ, तुझ्या आईला ह्यो दावू नको. तिला उगं लागून राहील, का तिच्याकडं आप्पा नाय. बायामानसाचं मन."

*

लग्न येवल्यात झालं. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत तेजल पैठणी नेसून, हलता येणार नाही अशी बसवलेली होती. खिडकीतून मागचं स्वयंपाकाचं अंगण दिसत होतं. तिथे आचारी डोक्याला हात लावून बसला होता.

कारण असं, की रश्श्याला धोंडाबाईने भावाच्या घरचं पोतं पाठवलं होतं आणि बजावलं होतं, "ह्योच घ्या, खरा कांदा हाय." आणि सावळीरामने बहिणीच्या घरचं पोतं मागून आणून बजावलं होतं, "भाचीच्या लग्नाला भाचीच्या घरचाच पायजे." पोरांनी दोन्ही पोती एकाच ताडपत्रीवर ओतली होती.

"मामा," आचारी रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई म्हनतात ह्यो, तुमी म्हनता त्यो. आता कंचा कुनाचा, मला कसं कळायचं?"

मामा फेटा सावरत ताडपत्रीपाशी आला. एक कांदा उचलला, फिरवून बघितला, दुसरा उचलला. तो मनापासून शोधत होता, असं तेजलला क्षणभर वाटलं. मग त्याने दोन्ही परत टाकले.

"जे मशीनला कळलं नाय, ते तुला काय कळनार? चीर सगळा."

आणि मग त्याला कळलं की मागे कुणीतरी उभं आहे. धोंडाबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन दारात होती. तिने ऐकलं होतं. तेजलनेही ऐकलं होतं. आचाऱ्यानेही ऐकलं होतं, पण तो चिरायला लागला होता.

बहीण-भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. बोलायला तिथे मोटार नव्हती, टाकी नव्हती, शेळीही नव्हती.

"दादा," धोंडाबाई म्हणाली.

"काय?"

ताटातलं कुंकू वाऱ्याने जरा उडालं. "काय नाय. फेटा वाकडा झालाय."

तिने ताट आचाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर ठेवलं, पुढे झाली आणि दोन्ही हातांनी त्याचा फेटा सरळ केला. तो मान खाली घालून, लहान मुलाने नाक पुसून घ्यावं तसा उभा राहिला.

आतून माईक खरखरला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

तेजल दाराकडे वळली. जिन्यावर पावलं वाजली, मधल्या पायरीवर एकदा अडखळली, आणि मामा दारात आला. धाप लागलेला, डोळे लाल.

"मामा," तिने हळूच विचारलं, "तुम्हाला फोटो बघितला त्याच दिवशी कळलं होतं ना?"

"काय कळायचं?" मामाने तिचा हात हातात घेतला, घट्ट, पाण्यात ढकलण्याआधी धरायचा तसा. "मला तुझ्या त्या शिड्या वाचता येत्यात व्हय? चल. अक्षता वाटून झाल्यात, लोक उभी हायेत."